कोपरातलं सूत

काकवी अंगावर सांडली की माणूस आधी हात झटकतं. मीही झटकला. पण उकळती काकवी म्हणजे पाणी नव्हे. ती झटकून जात नाही, चिकटून बसते आणि बसल्या जागी भाजत राहते. लढाईचं शेवटचं वर्ष होतं, पौषाची थंडी होती आणि कोयनेकाठच्या आमच्या मळ्यात गुऱ्हाळ लागलं होतं. गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला काकवी दिल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्या दिवशी पाटणहून सोयरे आले होते. मी काहिलीतली काकवी ओगराळ्यानं तांब्यात ओतत होते. तांब्या तापला, निसटला, आणि सगळी काकवी माझ्या डाव्या हातावर आली, बरोबर कोपराच्या आतल्या बाजूला.

कुणी शाई ओतली, कुणी तूप चोपडलं, थोरल्या जाऊबाईंनी कोरफड फोडून लावली. एका हातावर इतकी औषधं झाली की हातच घाबरला असेल. ताप चढला, मग कराडच्या वैद्यांचं मलम आलं आणि जखम हळूहळू भरू लागली.

आता आमच्या गावाचं सांगायला हवं, नाही तर पुढचं कळायचं नाही. कराडजवळच्या मलकापुराहून चालत जाण्याच्या अंतरावरचं गाव. घरटी एक माणूस पलटणीत, एखाद्या घरात दोन. माझे मालक तेव्हा ब्रह्मदेशाच्या रानात कुठंतरी होते. नक्की कुठं ते सरकार सांगत नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी आम्हाला काय कळणार होतं? अशा गावात पलटणीतल्या गड्याची बायको म्हणजे सगळ्या गावाची लेक. तिला सासरी जाच झाला तर गाव गप्प बसत नाही. मागच्याच साली एका घराबद्दल अशी कुजबुज झाली, तर संक्रांतीला त्या घरचं हळदीकुंकू घ्यायला एक बाई गेली नाही. त्या घरची सासू सुगडं मांडून दिवस मावळेपर्यंत बसून राहिली. हे आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, डोळ्यांनी पाहिलं होतं आणि त्याचा त्यांनी धसका घेतला होता.

म्हणून मी भाजले त्या दिवसापासून त्यांनी मला कामाला हात लावू दिला नाही. आपलं धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं फाडून त्यांनी झोळी केली, माझा हात कोपरात दुमडून छातीशी घेतला आणि गळ्यात बांधून टाकला. हाताला आराम पडला की हात भरतो, असं त्यांचं म्हणणं. आणि माझंही तेच म्हणणं होतं हो. हात उघडला की जखम ताणायची आणि जीव जायचा, मिटला की बरं वाटायचं. मग मिटलेलाच बरा, ह्यात चुकीचं कुणाला काय वाटणार? जाऊबाई माझ्या वाटणीचं दळायच्या, माझ्या वाटणीचं पाणी आणायच्या, कुरकुर न करता, किंवा निदान मला ऐकू येईल अशी न करता. मी ओसरीवर बसून राणीगत जेवायचे. खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं.

शिमग्याला जखम पुरती भरली. आत्याबाईंनी देवाला नारळ फोडला आणि झोळी सोडली. झोळी खाली आली, हात तिथंच राहिला.

मी म्हटलं, बसून बसून आखडला असेल, सुटेल. सुटला नाही. कोपराच्या आत, दंडापासून खाली, एक लालबुंद जाड दोर उठून आला होता. हात उघडायला गेलं की दोर ताठ व्हायचा आणि कडेची कातडी पांढरीफटक पडायची. दीर म्हणाले, तालमीतल्या वस्तादाला बोलावू, तो धरून एक हिसका देईल. मी त्यांनाच हिसका दिला, तोंडानं. माझं माहेर कडेगावकडचं. तिकडं तेव्हा दुष्काळ पाण्याचा असायचा, शिव्यांचा नाही.

पण परड्यात जाऊन एकटी रडले, आणि ते हातासाठी नव्हे. मला अजून मूलबाळ नव्हतं. मालक आज ना उद्या परत येणार, आणि घरात बायको अर्धी. अशा वेळी गावात काय बोललं जातं ते मला पाठ होतं. मळा आहे, पगार आहे, पोरगं तरणंताठं आहे, दुसरी करून द्या. आणि असं बोलणारी माणसं वाईट नसतात, तीच तर पंचाईत.

आत्याबाई माझ्यामागून परड्यात आल्या. माझा पदर ओढून त्यांनी तो हात झाकला आणि शेजारी बसल्या.

"हात वाकडा ऱ्हायलाय ह्ये भाईर कळता कामा न्हाई," त्या म्हणाल्या. "कळलं की लोक माझ्या लेकासाठी पोरी सुचवाया लागतील. मी न्हाई म्हनंन. पन मी किती दिस पुरणार?"

चैत्रात आम्ही मिरजेला गेलो. गावात सांगितलं, नरसोबाच्या वाडीला चाललोय. मामंजींनी गाडी जुंपून कराडच्या स्टेशनावर सोडलं. आत्याबाई जन्मात पहिल्यांदा आगगाडीत बसल्या आणि मिरज येईपर्यंत त्यांनी खिडकीचा गज सोडला नाही. दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होती, उंच, आणि आवाज अगदी सासूचा. तिनं माझा हात फिरवून पाहिला, दोरावर अंगठा दाबला, मग विचारलं, हा बांधून कुणी ठेवला होता? आत्याबाई पुढं सरकल्या. आता शाबासकी मिळणार अशा तोऱ्यात म्हणाल्या, म्या. एक दीस कामाला लावलं न्हाई तिला.

"त्यानंच मिटला," बाई म्हणाली.

आत्याबाईंचा चेहरा मी तेव्हा पाहिला आणि लगेच मान वळवली. मला त्यांची इतकी दया कधीच आली नव्हती. बाईलाही उमगलं असावं, कारण तिनं त्यांना स्टूल दिलं आणि मग सगळं त्यांनाच समजावून सांगितलं, मला नाही. ट्रेमधला कापसाचा एक पुंजका तिनं उचलला. म्हणाली, कातडीच्या खाली असंच सूत असतं, त्यावर कातडी तोललेली असते. जखम झाली की शरीर तिथं घाईघाईनं नवं सूत घालतं, जमेल तसं, आडवंतिडवं. हात दुमडलेला असेल तर ते दुमडलेल्या मापाचंच घालतं आणि वर आवळून घेतं. पण नवं सूत लगेच पक्कं होत नाही. दोर लाल आहे तोवर आत मोडणं-घालणं चालू आहे. पांढरा पडला की बसलं, मग सुरीशिवाय इलाज नाही. आणि सुरी लावली तरी पुन्हा जखम, पुन्हा नवं सूत. एवढं बोलून तिनं कापूस दोन चिमटींत धरला आणि हलके हलके ओढला. गुंता होता तो सरळ झाला, सगळे तंतू ओढीच्या दिशेनं निजले.

आत्याबाईंनी तिच्या हातातून तो कापूस घेतला. वात वळायच्या आधी रोज सकाळी करायच्या तसा ओढून पाहिला. हिसडला तर तुटला, हळू ओढला तर लांबला. मग त्यांनी बाईकडं बघून मान हलवली.

बाई म्हणाली, "ह्या हाताला आराम नको. ओढ द्या. रोज, सोसवेल इतकीच. हिसका द्याल तर आत फाटेल, आणि फाटलं की परत नवा गुंता."

रात्री बांधायला लाकडाची पट्टी, चोळायला तेल, रोज आवळा नाही तर लिंबू नाही तर पेरू, आणि हातात वजन लोंबतं धरून लांब चालायचं. एवढंच औषध.

पुष्कळ वर्षांनी माझी धाकटी लेक सांगलीच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागली. एकदा शेंगा फोडत बसलो होतो, तेव्हा मी तिच्यापुढं हात धरला आणि म्हटलं, बाईसाहेब, सांगा आता, त्या डॉक्टरणीचं खरं किती होतं? तिनं सांगितलं ते मला इतकं आवडलं की मी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. पेशी हे सूत आख्खं कातून देत नाही. प्रथिनाच्या तीन लांब साखळ्या ती एकमेकींत पिळते आणि एक बारीक काडी करते. काडीच्या दोन्ही टोकांना झुपके मोकळे सोडलेले असतात. ते आहेत तोवर काड्या एकमेकींशी जुळत नाहीत. नाही तर पेशीच्या पोटातच दोर वळला जायचा आणि पेशीचं मरण. काडी बाहेर पडता पडता ते झुपके छाटले जातात. मग काड्या आपल्याआप शेजारी शेजारी लागत जातात, कुणी लावत नाही. पण टोकाला टोक जुळवून नाही. प्रत्येक काडी शेजारणीपेक्षा पाव भाग पुढं सरकून बसते, गवंडी सांध्यावर सांधा येऊ देत नाही तसं. त्यामुळं दोरा लांबत जातो आणि एका जागी तुटत नाही. मग शेजारच्या काड्या एकमेकींना पक्क्या बांधल्या जातात, आणि गाठी दिवसेंदिवस वाढत जातात. दोऱ्यांचे जुडगे होतात, जुडग्यांचे दोर. आवळा कशाला, तर त्यातल्या जीवनसत्त्वाशिवाय तीन पदरांचा पीळच नीट टिकत नाही, अंगाच्या ऊबेनंच सुटतो.

मी विचारलं, आणि हे सगळं होतं कुठं? ती म्हणाली, पेशींच्या बाहेर, दोन पेशींच्या मधल्या जागेत. ह्या गोष्टीवर मी अजून विचार करते. आपल्याला वाटतं जे काही जिवंत आहे ते आत आहे. पण माणूस ज्यानं बांधून ठेवलंय ते बाहेर तयार होतं, मधल्या रिकाम्या जागेत, आणि ते कुणा एकीचं नसतं. जखमेतल्या पेशी तर ते सूत धरून आपल्याकडं ओढतात, कडा जवळ याव्यात म्हणून. हेतू चांगलाच असतो. त्यानंच हात मिटतो. मी म्हटलं, म्हणजे आमच्या आत्याबाईच की. धाकटी हसली, पण मी थट्टा करत नव्हते.

गावी परतल्यावर वैशाख-जेठ आम्ही परड्यात काढले. पिशवीत दगड घालून मी फेऱ्या मारायचे, आत्याबाई तेल चोळायच्या. हात काटकोनात होता तो थोडा सैलावला. पण परडं ते केवढं? पाऊस ओसरला आणि आत्याबाई म्हणाल्या, आता नदीला जायाचं.

आमच्याकडं बाई पाणी आणते ती डोईवर नाही तर कडेवर. माझी कळशी मात्र गळ्याला दोरी बांधून डाव्या हातात लोंबती. पदर लांब, हात झाकलेला. आणि माझ्यामागं आत्याबाई, रिकाम्या हातांनी. रिकाम्या का, तर त्यांच्या हातात काही असलं की मी बघायचे, कीव यायची, ओझं घ्यायला हात पुढं व्हायचा आणि कोपर वाकायचं. घाटाच्या चढावर पाणी हिंदकळायचं, दोर आतून ताणला जायचा, डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. मागून एवढंच ऐकू यायचं, कोपार सोड. मी मनातल्या मनात त्यांना अशा शिव्या घातल्यात की आज आठवून लाज वाटत नाही, हसू येतं.

गावाला काय दिसत होतं? पलटणीतल्या गड्याची बायको, साल सरलं नाही भाजून, भाजल्या हातानंच पाणी वाहतीय आणि सासू मोकळी मागं हिंडतीय, वर दरडावतीय. पाणवठ्यावर बायका गप्प व्हायच्या. मग गप्प राहीनाशा झाल्या. एकीनं आत्याबाईंना तोंडावर विचारलं, तुमचं हात गहाण टाकल्यात काय? आत्याबाई तिच्याकडं बघून म्हणाल्या, व्हय, आणि पुढं चालू लागल्या. मामंजींना पारावर कुणी तंबाखू देईना. थोरले दीर चिडून म्हणाले, सांगून टाका एकदा मिरजेचं. पण सांगायचं म्हणजे काय, तर हात वाकडा आहे आणि उघडेल की नाही ठाऊक नाही, हेच सांगायचं.

एकदा मीच न राहवून म्हटलं, आत्याबाई, माझ्यापायी हे ऐकून घेऊ नका, मी सांगते बायकांना. त्या भाकरी थापत होत्या. थांबल्या नाहीत.

"सासू वाईट म्हटलं तर तुझं काय जात न्हाई," त्या म्हणाल्या. "सून लुळी म्हटलं तर सगळं जातंया."

संक्रांत आली. जाऊबाईंनी आणि मी सुगडं मांडली, हळदीकुंकवाची कोयरी घासून लखलखीत केली, तिळगूळ केला. कुणी आलं नाही. शेजारीण आमच्या दारावरून पुढच्या घरी गेली, तिच्या बांगड्या वाजलेल्या ऐकू आल्या. आत्याबाई ओसरीवर बसून होत्या, नवं लुगडं नेसून. मला वाटलं आता ह्या खचतील. दिवस कलला तशा त्या उठल्या, सुगडं आत नेली, जुनं लुगडं नेसल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, चल, उजेड हाय तवर पाण्याला.

माघात मालक आले. कराडला उतरून चालत आले, आणि घरी पोचायच्या आधी पारावर गावानं त्यांना सगळं सांगितलं. अंगणात येऊन उभे राहिले ते ट्रंक खाली न ठेवता. मी भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन ओवाळायला उंबऱ्यात आले होते. आत्याबाई पुढं झाल्या, पण ते आईच्या पाया पडले नाहीत. विचारलं, हिला भाजल्या हातानं पाण्याला तू लावलीस, हे खरं का? आत्याबाई म्हणाल्या, खरं हाय. माझ्याकडंसुद्धा पाहिलं नाही.

सासूदेखत नवऱ्याशी बोलायची आमच्यात रीत नव्हती. मी तांब्या खाली ठेवला, पदर मागं टाकला आणि तो हात त्यांच्यापुढं केला. काय काय बोलले ते उलटसुलटच असणार: काकवी, झोळी, मिरज, कापूस, आतलं सूत, संक्रांत. रडत होते आणि भांडत होते, दोन्ही एकदम. शेवटचं तेवढं आठवतं, कारण ते मी ओरडून नाही, हळू बोलले.

"तुमची बायको ह्यांनी राखलीया. आधी पाय धरा."

मालकांच्या हातातली ट्रंक खाली आली. आईच्या पायांवर डोकं ठेवून ते कितीतरी वेळ उठले नाहीत. आत्याबाईंनी एक-दोनदा उठ म्हटलं, मग नाद सोडला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. उठल्यावर मालकांनी माझा हात घेतला, उघडून पाहिला, खालून-वरून निरखला. म्हणाले, अजून थोडा राहिलाय. आत्याबाई म्हणाल्या, म्हाईत हाय मला, लाली पुरती गेली न्हाई अजून, दोन म्हयनं हायती हातात.

आत्ताच्या आत्ता पारावर जाऊन एकेकाला सांगतो, असं म्हणत मालक निघाले. आत्याबाईंनी त्यांचा सदरा धरला. पुरता उघडू दे, मग बोंबल काय बोंबलायचं ते, म्हणाल्या. तोवर कुणाला काय सांगायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कळशी घेतली तर आत्याबाईंच्या आधी मालकच चपला घालून उभे. आईला म्हणाले, तू बस, आज मी जातो. आणि खाकी कपड्यांत, छाती पुढं काढून, दोन्ही हात रिकामे, गावच्या मधल्या रस्त्यानं ते माझ्यामागून चालत आले. आडवाट होती, मुद्दाम घेतली नाही. घाटावर बायका कपडे धूत होत्या. त्यांच्या देखत ते मला पलटणीतल्या आवाजात म्हणाले, कोपार सोड. धोपटण्याचे आवाज थांबले. चढ चढताना मागून एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, वाटलं हुतं लेक तरी शाणा निघंल, त्यो तर आईच्या वरताण. मी वळून पाहिलं तर मालक ताठ चालत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

घरी आलो तेव्हा आत्याबाई ओसरीवर होत्या. काय म्हणाली माणसं, त्यांनी विचारलं. मी म्हातारीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, लेकाकडं बघितलं, आणि भिंतीला टेकल्या.

"बरं झालं," म्हणाल्या. "लोकास्नी नावं ठेवाया आता दोघं झालो. मला जरा बसाया मिळंल."